डाव्या रांगेची लुकलुक

३ मार्च, सोमवार

लुकलुकतंय! चोक माझ्या हातचे, वायरिंग माझं, वर तासभर फुशारकीही माझीच — आणि लुकलुकतंय.

धाकट्या भावाने मागच्या गल्लीत शेड घेतली. वेगाने फिरणारी नवी लेथ आणली. "लेथ माझी, उजेड तुझा," म्हणाला. मी हरखले. आयुष्य गेलं ट्यूबलाइटचे चोक गुंडाळण्यात, पण अख्खी शेड उजळायला कोणी दिली नव्हती. ट्यूबच्या पट्ट्यांच्या दोन रांगा लावल्या, वायरी अशा सरळ नेल्या की येणाऱ्याने दिवे सोडून वायरीच बघाव्यात. आज पहिल्यांदा बटण दाबलं. हजर मंडळी तीन — धाकटा, भावजय आणि शेगड्या बनवणारं गिऱ्हाईक. त्याच्याच पितळी बर्नरसाठी ही सगळी उठाठेव. तरी मी भाषण केलं! कोणी विचारलं नव्हतं. मला कोणी विचारावं लागत नाही.

म्हटलं, ट्यूबमध्ये तार नसते, वायू असतो. त्यातून वीज एकदा वाहायला लागली की तिला धरबंध राहत नाही. वाढत जाते, वाढत जाते, शेवटी ट्यूबच फुंकून टाकते. चोक तिला आवरतो. आहे काय तो? लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार. पण तो नसेल तर सगळं खलास.

"म्हणजे आपल्या घरात ताई आहेत तसं," भावजय म्हणाली.

शेगडीवाला खो खो हसला. मीही हसले, हसता हसता मान वळवली, आणि डाव्या रांगेत, अगदी कडेला — लुकलुक.

भाषण तिथेच आटोपलं. सगळ्यांना वाटलं, बाईला भरून आलं.

४ मार्च

सगळे स्टार्टर बदलले. स्टार्टरचा काही संबंध नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. ट्यूब पेटवून दिली की तो झोपतो, पुढे त्याला काही देणंघेणं नसतं. तरी बदलले. ताई शिडीवर चढून काहीतरी करतेय एवढं धाकट्याला दिसलं म्हणजे झालं.

लुकलुक आहे.

६ मार्च, गुरुवार

आज कडाक्याचं भांडण.

धाकटा लेथ सुरू करायला निघाला आणि मी त्याच्यात नि स्विचमध्ये जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "ताई, बाजूला हो." मी म्हटलं, "होणार नाही." मग परत भाषण. आता मात्र भाषणाला कारण होतं.

वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट धावते. दर फेरीत दोनदा तिचा जोर शून्यावर येतो, म्हणजे ट्यूब सेकंदाला शंभरदा मंदावते. आपल्या डोळ्याला ते कळत नाही. पण लेथवर पितळ धरून फिरणाऱ्या चकाचं काय? तीन जबड्यांचं चक मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी फिरायला लागलं, की दर उजेडाला एक जबडा बरोबर आधीच्या जबड्याच्या जागी आलेला असतो. चक फिरतंय गरागरा, आणि दिसतंय गपगार थांबलेलं! शेजारच्या मशीनच्या गोंगाटात आवाजानेही कळत नाही. मग माणूस कातून झालेला जॉब काढायला बेधडक हात घालतो. पलीकडच्या गल्लीतल्या टर्नरने घातला होता. त्याचा तो हात आता खिशातच असतो.

पेन्सिल घेऊन ट्यूबखाली सपासप हलवून दाखवली. एका पेन्सिलीच्या दहा दिसल्या. "बघ!" म्हटलं.

"बघितलं. पण ताई, एक सांग. सेकंदाला शंभरदा मंदावलेलं डोळ्याला कळत नाही असं तूच म्हणतेस. मग तुला कसं कळतं?"

असला तिरका प्रश्न! म्हटलं, "तुमचे डोळे साधे. माझा डोळा चोकवर तयार झालेला आहे."

यावर भावजय खोकली. तो खोकला सर्दीचा नव्हता.

शेवटी मेनमधले तिन्ही फ्यूज काढले आणि पिशवीत घालून घरी आणले. धाकट्याची बोटं बघवत नव्हती मला. पितळेच्या आट्यांवरून नख फिरवून तो माप सांगतो, आणि मायक्रोमीटर लावून बघावं तर तेच निघतं. त्या बोटांना काही झालं तर मी काय करू? फ्यूज आता माझ्या कपाटात आहेत, साड्यांच्या घडीखाली. चोराने फोडलं कपाट तर त्याला वाटेल म्हातारी वेडी आहे.

आणि आता वही, तुलाच सांगते. वीज शेडमध्ये तीन फेजांतून येते, आणि सगळ्या पट्ट्या मी एकाच फेजवर जोडल्यात. का? तर वायरी सरळ दिसाव्यात म्हणून! एक फेज म्हणजे सगळ्या ट्यूब एकाच क्षणी मंदावणार. कोणत्याही नवशिक्या वायरमनला हे कळतं. चोकताईला नाही कळलं. चोकताई वायरीचं सौंदर्य बघत होती.

७ मार्च

नवाच घोळ. तपासायला फ्यूज नेऊन बसवले, काम झाल्यावर परत काढून आणले. दारातून आत बघितलं की खिडकीकडची रांग लुकलुकते. ती माझ्या डाव्या हाताला. मग शेडच्या मागच्या टोकाला जाऊन दाराकडे तोंड करून उभी राहिले, तर भिंतीकडची रांग लुकलुकते! तीही डाव्याच हाताला. म्हणजे दोन्ही रांगा बिघडल्या. आणि लबाड अशा की पाळीपाळीने लुकलुकतात, मी कुठे उभी आहे ते बघून.

फेजचंच काम आहे हे. नक्की.

९ मार्च, रविवार

सगळ्या वायरी उसवल्या. माझ्या त्या सरळ, देखण्या वायरी! पट्ट्या तीन फेजवर वाटल्या — पहिली एका फेजवर, शेजारची दुसऱ्या, त्यापुढची तिसऱ्या. तीन फेज एकाच वेळी शून्यावर येत नाहीत. एकीचा उजेड उतरतो तेव्हा दुसरीचा चढत असतो, आणि लेथवर सगळ्यांचा मिळून सारखा पडतो. धाकट्याने दिवसभर शिडी धरली. रागावलेला होता तरी धरली. मध्येच म्हणाला, "तू पडलीस तर फ्यूज कुठे ठेवलेत ते कोण सांगणार?"

फ्यूज बसवले. लेथ सुरू केली, वेग चढवत दोन हजारांच्या अलीकडे-पलीकडे नेऊन बघितला. जबडे कुठेही थांबेनात! नुसतं एक धुरकट कडं, फिरणारं. फिरतंय ते फिरतंच दिसतंय. धाकटा चक्क हसला. मी "झालं बाबा एकदाचं" म्हणायला तोंड उघडलं, आणि कडेला —

"ताई, आता चक नीट दिसतंय ना?"

"चक दिसतंय. पण लुकलुक आहे."

"कुठे?"

"तिथे."

तो तिथे बघत राहिला. मग माझ्याकडे बघत राहिला. मी फ्यूज काढले. काहीतरी राहिलंय हे नक्की, आणि जे आज कडेला आहे ते उद्या मधोमध येईल. अशा उजेडात त्याला हात घालू देणार नाही. मला हट्टी म्हणा, काहीही म्हणा.

११ मार्च

वीज कार्यालयात जाऊन आले. साधीसुधी नाही, तणतणत. माझे चोक निर्दोष, जोडणी निर्दोष, तर दोष विजेतच असला पाहिजे. नदीपलीकडे पोलादाची भट्टी आहे. तिने वीज ओढली की आसपासचे दिवे थरथरतात, हे मी पूर्वी पाहिलेलं आहे. शिवाय फ्रिक्वेन्सी उतरली असणार. देशभरातली वीजयंत्रं एका तालात फिरत असतात. ओझं वाढलं की सगळी मिळून किंचित मंदावतात, आणि पन्नासाचा आकडा घसरतो. आकडा घसरला की चोक जास्त वीज सोडतो, तापतो, गुणगुणतो. हे सगळं मी तिथल्या साहेबांना सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, भला माणूस.

मग भिंतीवरचा जुना मीटर दाखवला. चौकटीत पोलादाच्या पातळ जिभल्या एका ओळीत, आणि ज्या आकड्याची वीज असेल ती जिभली थरथरते. पन्नासाची थरथरत होती. बाकीच्या गप्प.

"पन्नास, बाई. कालही पन्नास, परवाही पन्नास."

"आणि ती भट्टी?"

"गेल्या महिन्यापासून दुरुस्तीसाठी बंद आहे."

मी इकडेतिकडे बघितलं, आणि सापडलं! साहेबांच्या खोलीतही लुकलुक होती, माझ्या डाव्या बाजूच्या भिंतीशी. "ही काय! इथेही आहे!" मी जवळजवळ नाचले.

साहेबांनी वर बघितलं. "तो तर साधा बल्ब आहे. त्यात चोकच नाही." खरंच होतं. बल्बची तार तापलेलीच राहते, तिला मंदावायला सवड मिळत नाही. म्हणजे बघा! साध्या बल्बलाही लुकलुकवते, इतकी वीज खराब. असं बोलून मी तरातरा बाहेर पडले. पायऱ्या उतरताना रस्त्यावरही डोळ्यात लुकलुक राहिली होती. दिवसदिवस ट्यूबकडे टक लावून बसल्यावर दुसरं काय होणार.

१२ मार्च

धाकटा बोलत नाही. भावजय दोन्हीकडचे निरोप आणते. मध्ये भिंत एक, दार उघडंच.

१४ मार्च, शुक्रवार

शेगडीवाला आला होता. माझ्याशी गोड बोलला, धाकट्याशी स्पष्ट. महिनाअखेरीला पहिले बर्नर हातात पडले नाहीत तर काम दुसऱ्या टर्नरला देणार. धाकटा मान खाली घालून ऐकत होता. एकदाही म्हणाला नाही की बहिणीने फ्यूज काढून नेलेत. म्हणाला, "मशीन बसवायला वेळ लागतोय."

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी मला भांडता येतं.

१५ मार्च

आज मी नाक मुठीत धरून इलेक्ट्रॉनिक चोक विकत आणले.

हे वाक्य लिहायला पेन तयार नव्हतं. ती प्लॅस्टिकची हलकी डबडी! आत ना तांब्याचा वजनदार गुंडा, ना पत्र्या, ना वार्निशचा वास. माझा अख्खा धंदा त्यांनी बुडवला. दुकानदार माझाच जुना माणूस, माझे चोक वर्षानुवर्षं विकलेला. मी मागितलं तर तो आधी हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग म्हणाला, "ताई, घरी सगळं ठीक आहे ना?"

पण गुण घ्यावा लागतो. ही डबी पन्नासाची वीज घेते आणि ट्यूबला देताना तिच्या हजारो फेऱ्या करते. सेकंदाला तीस-चाळीस हजार! मंदावायला ट्यूबला फुरसतच नाही. लुकलुकीचं नावच काढायला नको. माझा चोक असताना हे का लागावं, असं मी लोकांना सांगत आले. आता तोंड कुठे लपवू?

लपवीन कुठेतरी. त्याची बोटं राहिली म्हणजे पुरे.

१७ मार्च, सोमवार

बसवले. फ्यूज घालून दिवे लावले, तर शेड एकदम गप्प. माझ्या चोकांचा तो बारीक गुंजारव — देशातले सगळे चोक एकाच सुरात गुणगुणतात, कारण वीज सगळ्यांना एकाच तालात मिळते — तो सूर गेला. पेन्सिल हलवली, एकच पेन्सिल दिसली, फराटा ओढल्यासारखी. उजेड दुधासारखा. धाकटा न राहवून म्हणाला, "वा!"

लुकलुक आहे.

तशीच. तिथेच. डावीकडे. मी शिडीवरच बसले आणि रडले. हसण्यासारखं आहे खरं तर, छप्पन्न वर्षांची बाई शिडीच्या चौथ्या पायरीवर, मांडीत प्लॅस्टिकची डबी घेऊन. पण मला हसू आलं नाही. मला काही येत नाही, आयुष्यभर जे एकच येतं असं वाटलं तेही येत नाही, एवढंच वाटत राहिलं.

धाकटा आला. शिडी धरून उभा राहिला.

१८ मार्च

भावजयीने चहा देताना विचारलं, "ताई, घरात पण दिसतं का हो ते तुम्हाला?"

म्हटलं, "दिसतं की! घर नि शेड एकाच लाइनवर नाहीत का?"

ती "हं" म्हणाली. तिचं "हं" मला कधी आवडलं नाही. तिला काय कळतं विजेतलं?

१९ मार्च, बुधवार

सुचलं! वीजच नको उजेडाला! छपराचा एक पत्रा कापायचा, तिथे पारदर्शक पत्रा बसवायचा, आणि लेथ फक्त दिवसाउजेडी चालवायची. सूर्याला ना चोक, ना फेज, ना फ्रिक्वेन्सी. तो काही शंभरदा मंदावत नाही.

धाकट्याला सांगितलं. नवी शेड, नवं छप्पर, अजून एक पाऊसही न पाहिलेलं. मला वाटलं आता हा मला घराबाहेर काढणार.

"ताई, मला लुकलुक दिसत नाही. हिला दिसत नाही. शेगडीवाल्याला दिसत नाही. पण तू फुकटची घाबरणारी नाहीस, हे मला माहीत आहे. छप्पर कापतो. मग तरी फ्यूज देशील?"

"देईन."

"आणि बर्नर वेळेवर गेले नाहीत तर शेगडीवाल्याला तू तोंड द्यायचं."

"देईन तोंड."

"ते तू देतेसच," म्हणाला. इतक्या दिवसांनी चिडवलं त्याने मला. बरं वाटलं.

२१ मार्च, शुक्रवार

छप्पर कापणं म्हणजे काय ते मला आज कळलं. वही, मी नुसती तोंडाने कापत होते. धाकटा सकाळपासून वर. पत्रा कापतानाचा तो आवाज गल्लीभर, आणि गल्लीभर लोक दारात. प्रत्येक जण विचारतो, "नव्या छपराला काय झालं?" प्रत्येकाला मी वेगळं कारण सांगितलं. एकाला हवा खेळती राहावी म्हणून, एकाला विजेची बचत म्हणून. संध्याकाळपर्यंत ती सगळी कारणं एकमेकांना भेटली असणार.

दुपारी भाकऱ्या घेऊन भावजय आली, वर बघून म्हणाली, "ताई, आता आणखी काही उरलं तर सांगा. भिंती आहेत अजून." मी हसले. दोघी हसलो, पार पोट धरून. धाकटा वरून ओरडला, "हसू नका, पाय घसरेल!" त्याच्या तळव्याला पत्रा लागला होता. चिंधी बांधून तसाच काम करत होता. ज्या बोटांसाठी एवढं चाललंय ती मीच कापून घेतेय की काय, असं मनात आलं.

पारदर्शक पत्रा उद्या बसेल. उद्या शेगडीवाल्याचं पितळही येईल. मला झोप लागेल असं वाटतंय. ही तर नुसती भोक पाडलेली शेड आहे, पण उजेड आजच असा सुंदर पडला होता लेथवर, की वाटलं हे पहिल्या दिवशीच का सुचलं नाही.

२२ मार्च, शनिवार

पत्रा बसला. भरदुपारचं ऊन सरळ चकावर. मेन स्विच मी स्वतः खाली ओढला. फ्यूज माझ्या मुठीत. शेडमध्ये विजेचा कण नाही.

डावीकडे लुकलुक.

मग डोळे मिटून बघितलं. मिटल्यावरही तिथेच होती. इतकी भीती मला त्याच्या बोटांचीही वाटली नव्हती.

धाकटा छपरावरून वाकून विचारत होता, "ताई, आता गं? आता नीट दिसतंय ना तुला?"

"उजेड चांगला आहे," म्हटलं. "तू खाली ये आधी."